पाण्यात उतरतं ते

लवळ्याला आम्ही राहत होतो त्या घराच्या मोरीत मी रोज सकाळी भाजी उकळलेलं पाणी ओतायचे आणि घरमालकीण काकूंचा जीव जळायचा. बटाटा असो, दुधी असो, घेवडा असो. आधी बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात भिजत टाकायचं, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकळायचं, तेही फेकायचं आणि मग उरलेल्या चोथ्याला फोडणी द्यायची. काकू जिना चढून वर यायच्या, दारात उभ्या राहून बघायच्या आणि शेवटी त्यांना राहवायचं नाही. "अगं पोरी, सगळं सत्त्व मोरीत घालतियास की! मग बाईंच्या अंगाला काय लागनार, भुस्सा?" मी म्हणायचे, "काकू, ते सत्त्वच काढायचंय." त्या कपाळाला हात लावून खाली जायच्या.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, आक्का. परभणीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली. आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या घालण्यापासून मला पुण्याला वसतिगृहात ठेवून रसायनशास्त्र शिकवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. माझंही झालं नाही, पण त्यात त्यागबिग काही नाही. माझ्याशी दोन दिवस बोलून कुणी तिसऱ्या दिवशी परत आलं नाही, एवढंच. आक्का निवृत्त झाली, गावी घर डागडुजी करून राहू लागली, आणि एका उन्हाळ्यात तिच्या पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेलेली होती. मी माझं एक देते म्हणाले, तर डॉक्टरांनी माझी साखर बघून पहिल्याच भेटीत नको म्हणून सांगितलं. मग मूत्रपिंड मिळण्याच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव लावलं आणि तिला इकडे घेऊन आले. आठवड्यातून दोनदा सूसच्या रस्त्यानं पुण्यात डायलिसिसला जायचं आणि मधले दिवस सांभाळायचे, असं आमचं आयुष्य ठरून गेलं.

मधले दिवस सांभाळायचे म्हणजे मुख्यतः पोटॅशियम सांभाळायचं. मूत्रपिंड चालत असेल तर ते जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. चालत नसेल तर ते रक्तात साठतं, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदय चुकायला लागतं. आणि पोटॅशियम कशात नाही? केळ्यात आहे, शहाळ्यात आहे, टोमॅटोत, पालेभाजीत, डाळीत, बटाट्यात. जे जे आपण आजारी माणसाला प्रेमानं देतो, त्या सगळ्यात आहे. सुदैवानं ते पाण्यात पटकन उतरतं. म्हणून ते मोरीत ओतणं.

माझी नोकरी पिरंगुटच्या बाजूला, पाणी मृदू करणारी यंत्रं बनवतात अशा एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. महाळुंग्याकडे नव्या इमारती उठल्या आहेत, तिथल्या बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरे थर चढतात आणि केसांचं गवत होतं, त्यावरचा उपाय आम्ही करतो. यंत्र म्हणजे काय, एक उंच टाकी आणि तिच्यात रेझिनचे मणी. बाजरीच्या दाण्याहून बारीक, मधाच्या रंगाचे, हातात घेतले तर ओलसर वाळूसारखे निसटणारे. प्रत्येक मण्यावर असंख्य ऋणभाराच्या जागा असतात आणि त्यातली एकही जागा कधी रिकामी राहत नाही. तिथे सोडियम बसलेला असतो. जड पाणी आलं की त्यातला कॅल्शियम जागा घेतो आणि सोडियम उठून पाण्यात जातो. मणी भरले की कडक मिठाचं पाणी सोडायचं. मण्याला खरं तर कॅल्शियम जास्त आवडतो, पण मिठाच्या पाण्यात सोडियमची गर्दीच एवढी असते की आवड मागे पडते, कॅल्शियम निघून जातो आणि रेझिन पुन्हा कामाला तयार होतं. हे मी वर्षानुवर्षं तपासत आले आहे. नमुन्यात थेंब थेंब सोडत जायचं, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. मला हे काम आवडतं. यात कुणाशी बोलावं लागत नाही.

तर एक दिवस डॉक्टरांनी आक्काला एक पावडर लिहून दिली. रोज जेवणानंतर एक पुडी थोड्या पाण्यात कालवून घ्यायची. औषधाच्या दुकानाबाहेर उभी राहून मी पुडीवरचं नाव वाचलं आणि मला हसूच आलं. रासायनिक नाव आमच्याच घराण्यातलं! तेच प्लास्टिक, तेच ऋणभार, फक्त मणी दळून पिठी केलेली आणि जागांवर कॅल्शियम बसवलेला. ही पिठी आतड्यातून जाता जाता आपला कॅल्शियम देते, तिथलं पोटॅशियम घेते आणि घेऊन बाहेर पडते. मी जी टाकी रोज तपासते तीच आता माझ्या बहिणीच्या पोटात बसणार होती. मला एकदम आत्मविश्वास आला. मूत्रपिंडातलं मला काही कळत नव्हतं, पण हे मला कळत होतं.

घरी येऊन मी ओट्यावर पेले मांडून आक्काला समजावून सांगितलं. ती जन्माची शिक्षिका, तिला कुणी काही शिकवायला लागलं की ती मुद्दाम ढ विद्यार्थिनी व्हायची.

"म्हणजे ही बोहारीण झाली म्हण की," ती म्हणाली. "भांडं देणार आणि जुनं लुगडं घेऊन जाणार."

"अगदी. घेतल्याशिवाय देत नाही."

"मग सगळी लुगडी नेईल का ती?"

"नाही. थोडं घेते, थोडं सोडते, असं करत एक समतोल येतो. त्यापुढे काही बदलल्यासारखं दिसत नाही. देवाणघेवाण आत चालूच असते."

"म्हणजे आळशी आहे तुझी बोहारीण," आक्का म्हणाली आणि कालवलेली पुडी पिऊन खडू खाल्ल्यासारखं तोंड केलं. "आणि भाजीतलं जातं ते कुठे?"

"पाण्यात जातं. म्हणून तर पाणी फेकतो."

"सगळं?"

"सगळं नाही, पण बरंचसं. भाजीपेक्षा त्या पाण्यातच जास्त."

त्या दिवसापासून पुडीचं नाव आमच्या घरात बोहारीणच पडलं. "बोहारीण येऊन गेली का?" असं मी कारखान्यातून फोन करून विचारायचे आणि माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडे बघत राहायचा.

घरमालक पूर्वीपासून इथलेच. डोंगराकडची जमीन विकली, राहिलेल्या तुकड्यावर तीन मजले उठवले, खालच्या खोल्यांत विद्यापीठातली पोरं ठेवली आणि वर आम्हाला. काकूंना शेत गेल्यावर दिवस मोठा झाला होता. आक्का आली आणि त्यांना सोबत मिळाली. मी कामावर गेले की त्या वर यायच्या, लसूण सोलायला आणायच्या, आक्का आपल्या शाळेतल्या गोष्टी सांगायची. पहिल्या आठवड्यातच काकू दोन शहाळी घेऊन आल्या. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी ती शहाळी दारातूनच परत दिली. मग केळी आली, तीही परत गेली. मग एकदा पालकाचं गरगट आलं. त्या दिवशी माझा आवाज चढला. काकू भांडं उचलून खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "काय काय चालत न्हाई त्ये एकदा नीट सांग मला. मी ध्येनात ठिवते." मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजून पाठ केलं. शहाळं न्हाई, केळं न्हाई, टोमॅटो न्हाई, पालेभाजी न्हाई, डाळ न्हाई. नंतर कुणी आक्काला भेटायला आलं तर जिन्यातच काकू त्याची झडती घ्यायच्या.

एवढं सगळं करून आक्काचे आकडे सुधारले. रक्ताचा अहवाल आला की मी तो तिच्यासमोर नाचवायचे. "बघ, पोटॅशियम कसं मर्यादेत आहे!" ती म्हणायची, "छान. पास झाले का मी?" आणि खिडकीतून डोंगराकडे बघत बसायची. समोरच्या उतारावर विद्यापीठाच्या काचेच्या इमारती. संध्याकाळी रिक्षांची रांग लागते, पोरंपोरी कँटीनमधून बाहेर पडतात, वड्याचा वास वर आमच्या गॅलरीपर्यंत येतो. आक्का त्या वासाकडे तोंड करून बसायची. चार घास खाल्ले की ताट बाजूला सारायची. "कसं आहे?" विचारलं तर म्हणायची, "धुतलेलं आहे." पाणी मोजून प्यायचं, म्हणून बर्फाचा खडा तोंडात धरायची. वाचन तिनं सोडलं, गावच्या बायकांना फोन करणं सोडलं. मी म्हणायचे, नंबर लागेपर्यंतचा प्रश्न आहे. ती मान हलवायची. मला वाटायचं, ती माझ्या बाजूनं आहे.

पोळ्याच्या दिवशी मी कामावर होते. रेझिनची मोठी खेप बाहेर पडायची होती, सुट्टी मिळणार नव्हती. खाली काकूंच्या घरी सकाळपासून धांदल. बैल जमिनीबरोबरच गेले, पण काकांनी बाजारातून मातीची जोडी आणली होती आणि तिच्यासाठी पुरणपोळीचा नैवेद्य होणारच होता. निघताना मी आक्काचा भात, धुतलेला दुधी आणि पुडी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती.

संध्याकाळी आले तेव्हा आक्का पडून होती. पायात जोर नाही म्हणाली, ओठांभोवती मुंग्या येतात म्हणाली. डायलिसिसच्या आदल्या दिवशी ती तशी गळून जायचीच. मी म्हटलं, आत्ताच जाऊ या. ती म्हणाली, "आज नको गं. आज बरं वाटतंय मला." हे वाक्य मला तेव्हाच खटकलं होतं. तिचा चेहरा मात्र खरोखर शांत होता, म्हणून मी ऐकलं.

सकाळी उजाडताच गाडी बोलावली. जिना उतरताना काका आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. नांदे गाव मागे पडलं आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, झोप लागली. सूसच्या चढावर मी तिला हाक मारली तेव्हा तिनं ओ दिली नाही.

रुग्णालयात त्यांनी बरंच काही केलं. नंतर डॉक्टर बाहेर आले. पोटॅशियम फार वाढलं होतं म्हणाले. "काल काही वेगळं खाण्यात आलं का?" मी म्हटलं, "नाही. माझ्या घरात ते शक्यच नाही." कधी कधी काही न खाताही वाढतं, असं म्हणून ते आत गेले.

मी तिला गावी नेलं. तिच्या शाळेतली आता मोठी झालेली मुलं आली होती, त्यांनीच पुढचं सगळं केलं. मी काही रडले नाही. मनात एकच हिशेब चालू होता. दुधी किती उकळला होता, भात कुठला होता, पुडी घेतली होती का. पुडी घेतलेली होती, रिकामं पाकीट मी पाहिलं होतं. माझ्या कामात उत्तर चुकलं की नमुना पुन्हा तपासता येतो. इथे नमुनाच उरला नव्हता.

तेराव्यानंतर लवळ्याला परत आले. काकू वर आल्या नाहीत. दोन-तीन दिवस गेले, तरी नाहीत. मला राग आला. एवढी आक्काची मैत्रीण, आणि भेटायला जिना चढवेना? रविवारी दुपारी त्या आल्या. पदरानं तोंड पुसत दारातच बसल्या, आत येईनात.

"पोरी, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"माज्या आमटीनं तर न्हाई ना झालं?"

"कसली आमटी?"

त्यांनी खाली बघत सांगितलं. पोळ्याला पुरण शिजलं, कट काढला, आमटीला फोडणी बसली आणि वास वर गेला. आक्का जिना उतरून खाली आली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकटी. चुलीपाशी बसली आणि म्हणाली, काकू, मला कटाची आमटी वाढा. "मी म्हनलं, बाई, डाळ चालत न्हाई तुमाला. मग मी काय केलं, वरचं वरचं पानीच घेतलं. पुरनाचा कन बी येऊ दिला न्हाई गं. डाळ एक न्हाई घातली. निस्तं पानी."

हरभऱ्याची डाळ, भरपूर पाणी, मऊ होईपर्यंत उकळायचं आणि मग ते पाणी वेगळं काढायचं. जे मी रोज मोरीत ओतत होते, तेच आमच्या सबंध मुलखात सणाला मसाला घालून, गूळ-चिंच घालून, वाटीत वाढतात. त्यांनी डाळ काढून ठेवली होती, मायेनं, मी शिकवलेलं पाठ करून. आणि त्या वाटीत काय होतं ते मला एका क्षणात दिसलं. त्याला कुठल्या चाचणीची गरज नव्हती. दिवसभरात ती पुडी तेवढं उचलूच शकणार नव्हती.

"नाही काकू," मी म्हटलं. "तुमच्या आमटीनं नाही झालं."

"खरं?"

"खरं. पाण्यानं काय होतंय?"

आयुष्यात मी कामाच्या बाबतीत कधी खोटं बोललेले नाही. कारखान्यात त्यावरून माझी भांडणं झाली आहेत. पण त्या दारात बसलेल्या बाईला मी दुसरं उत्तर देऊ शकले नाही. त्यांनी पदर तोंडात धरला आणि मोठमोठ्यानं रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. मग जरा शांत होऊन त्या म्हणाल्या, "आता सांगते मग तुला. त्यांनी शपथ घातली हुती, तुला सांगू नगं म्हून. म्हनल्या, ती लई वरडंल. मी म्हनलं, बाई, निस्तं पानीच देते, काळजी नगा करू. तर म्हनल्या, काकू, पान्यातच असतं त्ये सगळं, मला ठावं हाय. तरी वाढा."

"असं म्हणाली?"

"व्हय. मला वाटलं, त्यास्नी पानी मोजून प्यायचं असतंय ना, त्येचंच बोलत्यात. म्हून मी वाटी ल्हान घेतली. त्यांनी मोठी मागितली."

आक्काला माहीत होतं. मीच ओट्यावर पेले मांडून तिला शिकवलं होतं, आणि तिच्यासारखी विद्यार्थिनी मला जन्मात मिळाली नसती. मला तिचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही. आणि आपलं नाव कुठेतरी यादीत पुढे सरकत होतं, ते तिला दिसत नव्हतं का? की दिसत होतं आणि तरीही? तिला मरायचं होतं, का फक्त जेवायचं होतं? हे मला आजही कळलेलं नाही. कळायला आता मार्ग नाही.

"किती खाल्लं तिनं?" मी विचारलं.

काकूंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मी मायेनं विचारते आहे. "अगं, मांडी घालून बसल्या, भातात आळं केलं, भुरके मारत जेवल्या. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. बोटं चाटली. मग तुज्या ल्हानपनीचं सांगत बसल्या. तू कशी कटाची आमटी अंगावर सांडून घेतलीस आनि मारू नये म्हून कोठीत जाऊन बसलीस, त्ये सांगून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, का डोळ्यांतून पानी आलं त्यांच्या. आमचे ह्ये बाहेरनं बघाया आले, कोन हसतंय म्हून."

मी एवढ्या महिन्यांत तिला एकदाही तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी काकूंना म्हटलं, अजून सांगा. आणखी काय म्हणाली, कशी बसली होती, कुठल्या हातानं पदर धरला होता, सगळं सांगा. त्या सांगत राहिल्या आणि मी रडत राहिले, आक्का गेल्यापासून पहिल्यांदा. माझी बहीण शेवटचं पोटभर जेवली ते माझ्यापासून लपून जेवली.